इवलीशी गोळी आणि अण्णांची झोप

पत्राचा गोषवारा: पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. वडील ७६ वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर, आई गेल्यापासून कोकणातल्या घरी एकटे राहतात. काजू-आंब्याला मोहोर आला की शिंकांनी बेजार व्हायचे, म्हणून बारा वर्षांपूर्वी दवाखान्यातून 'सीपीएम', म्हणजे क्लोरफेनिरामिन ४ मिलिग्रॅमची गोळी मिळाली. आई गेल्यावर ती रोज रात्रीची झाली, 'तिच्याशिवाय डोळा लागत नाही' म्हणून. गेलं वर्षभर अण्णा नावं विसरतात, तोंड सतत कोरडं, पोट साफ होत नाही. दिवाळीनंतर सर्दी झाली तेव्हा तीन दिवस दुकानातली सर्दीची गोळीही घेत होते, आणि तिसऱ्या रात्री लघवी पूर्ण तुंबली. नळी घालावी लागली. डॉक्टर प्रोस्टेटच्या ऑपरेशनचं बोलत आहेत. या गोळीने स्मृतिभ्रंश होतो असं ताईंच्या वाचनात आलं. भाऊ म्हणतो, 'एवढीशी गोळी, तिने काय होणार? वय झालंय त्यांचं.' अण्णा गोळी सोडायला तयार नाहीत. ताईंनी तशाच दिसणाऱ्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत आणि विचारतात, 'पुढच्या खेपेला डबीतल्या गोळ्या गुपचूप बदलू का? आणि बारा वर्षं मीच पट्ट्या पाठवत आले, मीच त्यांचं वाईट केलं का?'

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात ठसठसत असताना बाकीचं डोक्यात शिरणार नाही. तुम्ही त्यांचं वाईट केलेलं नाही. वडिलांना आराम पडतो ते औषध तुम्ही पाठवलंत, आणि एवढ्या वर्षांत ते देणाऱ्यांपैकी कुणीही तुम्हाला थांबवलं नाही. मी स्वतः २६ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. आपल्याकडे दहाची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतात. नाव, मुदत आणि सूचना छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो. क्लोरफेनिरामिन हे १९४५ च्या औषध नियमांतल्या अनुसूची 'जी' मधलं औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे, अशी सूचना त्याच्या वेष्टनावर असायला हवी असा नियम आहे. ती सूचना घरापर्यंत पोचतच नाही. मीही असे कितीतरी तुकडे कापून दिले. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दर महिन्याला हीच गोळी न्यायचे आणि मी एकदाही विचारलं नाही की सर, ही रोज कशासाठी? एके दिवशी ते लघवीची पिशवी लावून आले, तेव्हा विचारलं. म्हणून तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आता भावाचं म्हणणं. 'एवढीशी गोळी' ही समजूत घराघरांत आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. १९४० च्या दशकात फेनिरामिन नावाचं औषध तयार झालं. आपण त्याला 'ॲव्हिल' म्हणून ओळखतो. त्याच रेणूला क्लोरिनचा एक अणू जोडला आणि क्लोरफेनिरामिन झालं. त्या एका अणूने जोर इतका वाढला की ॲव्हिलच्या २५ मिलिग्रॅमच्या जागी हिचे ४ पुरतात. गोळी लहान आहे ती जोर जास्त आहे म्हणून. मिलिग्रॅम पाहून औषध सौम्य की कडक हे ठरवू नका. ही एक गोष्ट भावाला जरूर सांगा.

दुसरी समजूत अशी, की रात्रीची गोळी सकाळपर्यंत उतरते. हे औषध शरीरातून फार सावकाश जातं. मोठ्या माणसात अर्धं औषध बाहेर पडायला साधारण वीस ते चोवीस तास लागतात. माणसागणिक फरक पडतो, कारण यकृतातलं जे एन्झाइम त्याचा निचरा करतं ते काहींचं जन्मतःच मंद असतं, आणि नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर तेच एन्झाइम अडतं. अण्णांनी आयुष्यभर लोकांची पासबुकं भरली, त्यांना हा हिशोब लगेच कळेल. आज रात्री ४ जमा. उद्या रात्री २ शिल्लक, वर ४ जमा, झाले ६. परवा ३ शिल्लक, वर ४, झाले ७. असं करत आठवड्याभरात गोळी घेतल्यावर ८ आणि पुढची घेण्याआधी ४, इथे खातं स्थिरावतं. हिशोब ढोबळ आहे, पण अर्थ सरळ आहे. बारा वर्षांचं सोडा, गेल्या आठवड्याचंच पाहिलं तरी दुपारी बारा वाजता ओट्यावर पेपर वाचताना अण्णांच्या अंगात एका अख्ख्या गोळीहून जास्त औषध असतं.

ते तिथे काय करतं? शिंका, खाज, वाहतं नाक यामागे हिस्टामिन नावाचं शरीरातलंच एक रसायन असतं. ते पेशीवरच्या ज्या कुलपात बसतं, त्याला एच-वन म्हणतात. ही गोळी त्या कुलपाला निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते, म्हणून शिंका थांबतात. पण हिस्टामिन मेंदूतही असतं आणि तिथलं त्याचं काम माणसाला जागं ठेवणं, लक्ष टिकवणं हे आहे. ॲलर्जीची नवी औषधं मेंदूच्या उंबरठ्यावरून बरीचशी परत फिरवली जातात, ही जुनी सरळ आत जातात. जपानमध्ये सेंडाईच्या तोहोकू विद्यापीठात मेंदूचे स्कॅन काढून हे मोजलं आहे. या औषधाच्या रेणूची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात. त्यातल्या कामाच्या रूपाचे २ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या ४ च्या गोळीत असतात तेवढेच, पोटात गेले की मेंदूतली साधारण निम्मी एच-वन कुलपं अडतात. फेक्सोफेनाडिन हे नवं औषध दिल्यावर जवळजवळ काहीच अडत नाही.

इथवर झोपेचं झालं. अण्णांचा खरा त्रास दुसऱ्या कुलपाचा आहे.

हिस्टामिन अडवणाऱ्या औषधांच्या या घराण्यातला पहिला रेणू १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोवे आणि ॲन-मारी स्टॉब यांच्या कामातून आला. बोवेंना पुढे १९५७ चं नोबेल मिळालं. तो पहिला रेणू माणसाला देण्याजोगा नव्हता, पण त्याच्या वाटेने पुढची औषधं आली. त्या काळातल्या या रेणूंना नेमकं एकच कुलूप ओळखता येत नाही. ते ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनाच्या कुलपातही जाऊन बसतात. ॲसिटिलकोलिन तोंडात लाळ आणतं, आतडं हलवतं, मूत्राशय आवळून लघवी बाहेर ढकलतं आणि मेंदूत आठवणी पक्क्या करायला लागतं. ते अडलं की तोंड कोरडं, पोट गच्च, लघवीला जोर नाही, डोकं धूसर. तुमच्या पत्रातल्या तक्रारी याच ओळीत बसतात. शिवाय एकीतून दुसरी निघते. तोंड कोरडं म्हणून रात्री तांब्याभर पाणी, पाणी प्यायलं म्हणून चार वेळा उठणं, उठताना अंधारात तोल जाण्याची भीती. पोट साफ नाही म्हणून चूर्ण. आतडं तुंबलेलं असलं की लघवीही अडते.

आता तुमच्या पत्रातली जाता जाता आलेली एक ओळ. दिवाळीनंतर तीन दिवस दुकानातली सर्दीची गोळी. ताई, तिच्या पट्टीवरची नावं वाचा. अशा बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, फेनिलेफ्रिन असतं आणि हेच क्लोरफेनिरामिन असतं. म्हणजे रोजच्या गोळीवर त्याच औषधाची आणखी भर पडली असण्याची दाट शक्यता आहे. आणि फेनिलेफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं तसंच मूत्राशयाचं तोंडही आवळतं. एका औषधाने ढकलणारा जोर काढून घेतला, दुसऱ्याने दार आवळलं, आणि दाराशी वाढलेली प्रोस्टेट आधीच होती. त्या रात्री लघवी तुंबली यात मला नवल वाटत नाही.

म्हणून ऑपरेशन नको असं मी म्हणत नाही. प्रोस्टेट वाढलेली आहेच आणि काय करायचं ते मूत्रविकारतज्ज्ञच ठरवतील. पण ठरवण्याआधी त्यांना या दोन्ही गोळ्यांविषयी कळलं पाहिजे. तुमच्या पत्रावरून ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. गोळी थांबवून काही आठवडे गेल्यावर लघवीची धार आणि मागे उरणारं प्रमाण पुन्हा मोजता येईल का, हे त्यांना विचारा.

स्मृतिभ्रंशाबद्दल तुम्ही वाचलंत ते बहुधा अमेरिकेतल्या सिएटलचं २०१५ मधलं संशोधन असावं. पासष्टीपुढच्या ३,४३४ लोकांना त्यात सरासरी सात वर्षं पाहिलं. ॲसिटिलकोलिन अडवणारी औषधं ज्यांनी सर्वांत जास्त घेतली, त्यांच्यात स्मृतिभ्रंश सुमारे दीडपट आढळला. 'सर्वांत जास्त' याचा अर्थ सांगताना दिलेल्या उदाहरणांत क्लोरफेनिरामिन रोज ४ मिलिग्रॅम, तीन वर्षांहून अधिक, हेही होतं. म्हणजे अण्णांचाच डोस. तुम्ही का हादरलात ते मला समजतं. पण २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ८४ हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मूत्राशयाच्या आणि नैराश्याच्या अशा काही औषधांशी संबंध दिसला, ॲलर्जीच्या औषधांशी ठळकपणे दिसला नाही. दोन्ही अभ्यास नोंदींवरचे आहेत, त्यातून कारण सिद्ध होत नाही. तेव्हा 'गोळीनेच झालं' हेही ठरवू नका आणि 'वय झालं' म्हणून सोडूनही देऊ नका. औषधाने आलेला धूसरपणा औषध थांबल्यावर काही आठवड्यांत कमी होऊ शकतो. किती होईल याचं वचन मी देणार नाही. सोबत बी-१२, थायरॉइड, रक्तातलं सोडियम आणि कान, एवढं तपासून घ्या. ऐकू कमी येणारा माणूसही विसराळू वाटतो.

आता डबीतल्या गोळ्या. ताई, बदलू नका.

हेतू प्रेमाचा आहे, ते मला कळतं. पण जो माणूस आधीच स्वतःच्या आठवणीवर साशंक आहे, त्याला एक दिवस कळलं की आपल्याच मुलीने उशाशी हात घातला, तर पुढे तो रक्तदाबाची गोळीही संशयाने बघेल. दुसरं, रोजचं औषध अचानक थांबलं की काही रात्री झोप उडते, खाज किंवा शिंका उसळतात. कारण माहीत नसेल तर अण्णा थेट दुकान गाठतील आणि कदाचित अधिक कडक काही घेऊन येतील. तिसरं, फोलिक ॲसिड देऊन त्यांना झोप लागली, तरी ते त्यांना कधी कळणारच नाही. आणि तेच तर त्यांना कळायला हवं. याच घराण्यातल्या डायफेनहायड्रामिनवर २००२ साली निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. पहिल्या दिवशी चांगली गुंगी आली. चौथ्या दिवसापर्यंत गुंगी खोट्या गोळीइतकीच उरली होती. शरीर गुंगीला सरावतं. पण आतडं आणि मूत्राशयावरचा त्रासही तसाच सरावून जाईल, याची हमी नसते. मग अण्णांना झोप कशाने लागते? मला वाटतं, साडेनऊला कडी लावणं, देवापुढचा दिवा मालवणं, तांब्या भरून घेणं आणि ती गोळी, या क्रमाने लागते. तुमची आई असताना त्या क्रमात कुणीतरी बोलायला होतं. गोळी काढाल तेव्हा ती जागा रिकामी होईल, हे ध्यानात असू द्या. रात्री सव्वानऊला रोज दहा मिनिटं फोन करता येईल का? नातवंडांचा आवाज गोळीपेक्षा जास्त काम करेल असा माझा कयास आहे.

पुढच्या खेपेला घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत भरा. चूर्ण, मलम, खोकल्याचं औषध, डोळ्यांचे थेंब, शेजाऱ्याने दिलेली पट्टी, सगळं. ती पिशवी आणि अण्णा, दोघांना घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. गोळी कशी उतरवायची, हा पहिला प्रश्न. एक-दोन आठवडे अर्धी, मग एक दिवसाआड अर्धी, मग बंद, अशी वाट ते सुचवू शकतील. गोळी कापायचं छोटं यंत्र दुकानात मिळतं. औषध सावकाश उतरणारं आहे, त्याचा इथे फायदाच होतो. शिंकांचं काय, हा दुसरा. फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनसारखं मेंदूत न शिरणारं औषध, किंवा रोज मारायचा स्टिरॉइडचा नाकातला फवारा, यातलं काय चालेल ते ते सांगतील. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घ्यायचं नाही, शोषण कमी होतं. सेटिरिझिन सुचवलं तर मूत्रपिंडाचा अहवाल दाखवा. मोहोराच्या दिवसांत मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं, उशीचे अभ्रे उकळत्या पाण्यातून काढणं, पावसाळ्यात भिंतीवरची बुरशी पुसून घेणं, यानेही औषधाची गरज घटते. तिसरा प्रश्न डोळ्यांचा. काचबिंदूचा एक अरुंद कोनाचा प्रकार असतो, त्यात ही जुनी औषधं एकाएकी दाब वाढवू शकतात.

आणि 'सीपीएम नको, मग हे घ्या' म्हणून प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, डॉक्सिलामिन किंवा डायफेनहायड्रामिन कुणी पुढे केलं, तर नम्रपणे नको म्हणा. सगळी एकाच घराण्यातली आहेत. अमेरिकेतली वृद्धांसाठी टाळायच्या औषधांची 'बीअर्स' यादी १९९१ पासून आहे आणि ही जुनी ॲलर्जीची औषधं तिच्यात आहेत.

हे औषध वाईट आहे असं मात्र कुणी समजू नये. अंगावर पित्त उठलं, गांधीलमाशी चावली, तर तरुण माणसाला एक-दोन दिवस ते उत्तम काम देतं. मात्र श्वास कोंडला, ओठ-जीभ सुजली, तर गोळीवर विसंबू नका. तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, थेट दवाखाना गाठा. गोळी घेऊन दुचाकी चालवू नका, सोबत दारू तर अजिबात नको. आणि ज्या आया बाळ रात्री झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा वेष्टनावर छापायचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. काही मुलं तर या औषधाने झोपायची सोडून उलट किरकिरी आणि सैरभैर होतात.

तुमच्या घरासाठी दोन खुणा लक्षात ठेवा. सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. आणि अण्णा एका दिवसात एकदम बदलले, सकाळी ठीक आणि संध्याकाळी भलतंच बोलायला लागले, तर तो बहुधा नुसता स्मृतिभ्रंश नसतो. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-महिन्यांनी चढतो, असा एका दिवसात एकाएकी उभा राहत नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जाताना अख्खी, न कापलेली पट्टी, भिंग आणि एक रेघांची वही घेऊन जा. पट्टीवरची बारीक अक्षरं तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांनाच वाचू द्या. पासबुकाचा हिशोबही त्यांच्याच हाताने मांडून घ्या. मग वहीत रकाने आखून द्या: तारीख, गोळी अख्खी की अर्धी, रात्री किती वेळा उठलो, शिंका, पोट. ज्या माणसाने आयुष्यभर दिवसअखेरीचा ताळमेळ लावूनच घरची वाट धरली, तो या वहीतला एकही रकाना कोरा सोडणार नाही. महिन्याने डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीच वही घेऊन जा, आणि बोलू द्या अण्णांनाच.